पत्र दुसऱ्या विंगेत राहिलं

दिवाळीच्या सुट्टीत चौदा मुलांना घेऊन आम्ही पुण्याहून दौऱ्यावर निघालो. सहा दिवस, चार गावं, चार प्रयोग. त्यातला दुसरा प्रयोग मध्येच 48 सेकंद थांबला. एका पालकांनी मोबाईलवर केलेल्या चित्रीकरणात ते सेकंद मोजता येतात. रंगमंचावर पाच मुलं दाराकडे बघत उभी आहेत, समोर चारेकशे मुलं आणि त्यांचे आईवडील बसलेत, आणि जिने दारातून यायचं ती आजी येत नाही. आजी म्हणजे चौथीतली मुलगी. चमूतलं सगळ्यांत चोख पाठांतर तिचं.

या थांबण्याचं कारण मी आधी चुकीचं लावलं. बालनाट्य घेऊन गावोगाव जाणाऱ्या, किंवा शाळेचं नाटक स्पर्धेसाठी दुसऱ्या गावी नेणाऱ्या कोणालाही हे उपयोगी पडेल, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

नाटक आमचंच होतं. पोस्टमन आजारी पडतो, त्याची मुलगी आणि तिचे मित्र गावातली पत्रं वाटायला निघतात, आणि शेवटचं पत्र कोणाचं तेच कळत नाही. नेपथ्य म्हणाल तर लाकडी चौकटीची तीन सुटी दारं, एक छोटी सायकल आणि एक लाल पेटी. टेम्पोत बसेल एवढंच सामान ठेवायचं, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. पन्नास मिनिटांचा प्रयोग, मध्यंतर नाही.

तालमी सदाशिव पेठेतल्या एका शाळेच्या वर्गात झाल्या. बाकं भिंतीला लावायची आणि मधल्या मोकळ्या जागेत खडूने रंगमंच आखायचा. एका बाजूला फळा, दुसऱ्या बाजूला तीन खिडक्या. दोन महिने माझ्या तोंडात तेच शब्द होते. ‘फळ्याकडे बघून बोल.’ ‘खिडकीकडून बाहेर जा.’ ‘पंख्याच्या खाली थांब.’ मुलांना डावी-उजवी सांगितली की गोंधळ होतो, कारण नटाची डावी ती प्रेक्षकाची उजवी. खिडकी मात्र खिडकीच राहते. मला ते सोयीचं वाटलं आणि मुलांनाही पटकन कळत होतं.

दौऱ्याआधी पुण्यात भरत नाट्य मंदिरात नाटकाचा पहिला प्रयोग झाला होता. त्याआधी रंगीत तालमीला चांगला वेळ मिळाला होता, त्यामुळे खिडक्या-फळ्यांचं भाषांतर होऊन गेलं. खिडकीची बाजू म्हणजे डावी विंग, म्हणजे रंगमंचाच्या कडेची प्रेक्षकांना न दिसणारी जागा, हे मुलांनी आपसांत ठरवून टाकलं. पुढे साताऱ्यातही ती डाव्या विंगेला ‘खिडकीची विंग’च म्हणत होती. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं. खरं तर तिथेच थांबून विचार करायला हवा होता.

दौऱ्यातला पहिला, साताऱ्याचा प्रयोग छान झाला. खंबाटकी घाटात दोघांना उलट्या झाल्या, पण दुपारी जेवून, तासभर झोपून सगळी ताजीतवानी झाली. नाट्यगृह नीट बांधलेलं, दोन्हीकडे मोकळ्या विंगा, पडद्यामागून इकडून तिकडे जायला वाट. पुण्यासारखंच सगळं. रंगमंच सारखा असला की मुलं सारखं काम करतात आणि दिग्दर्शकाला वाटतं, प्रयोग बसला.

दुसरा प्रयोग एका तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या सभागृहात होता. मी आधी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या होत्या: रंगमंच किती रुंद आहे आणि लाईटसाठी किती पॉइंट आहेत. उत्तर आलं, अठरा फूट. आमची दारं अठरा फुटांत बसतात, म्हणून मी निश्चिंत. पोहोचल्यावर दिसलं की रंगमंच अठरा फूटच आहे, पण मागचा पडदा थेट भिंतीला टेकलेला. उजवीकडे ऐसपैस विंग आणि मेकअपची खोली. डावीकडे जेमतेम दीड फूट जागा, तिच्यात प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची थप्पी, आणि पुढे भिंत. पडद्यामागून पलीकडे जायला वाट नाही. यात सभागृहाचा दोष नाही. भाषणं आणि सत्कार यांच्यासाठी बांधलेली जागा अशीच असते. विचारायचं मी होतं.

आता नाटकातली ती जागा सांगते. सायकलवाला मुलगा शेवटचं पत्र घेऊन ‘मी शोधून आणतो’ म्हणत डाव्या विंगेत जायचा. तिथे आजी उभी असायची. तो पत्र तिच्या हातात द्यायचा. मग बाहेरची मुलं गाण्याचं एक कडवं म्हणायची, आणि आजी मधल्या दारातून उघडं पत्र घेऊन यायची: ‘हे माझंच आहे का गं?’ या वाक्यावर प्रेक्षागृह दर वेळी शांत व्हायचं.

डावी विंग बंद. सायकल घेऊन तिथून जाणं अशक्य. म्हणून रंगभूषा चालू असताना मी सायकलवाल्याला सांगितलं, ‘आज तू उजवीकडून बाहेर जा.’ आजीला सांगितलं, ‘तू आधीच्या अंधारात दारामागे जाऊन उभी राहा, तिथूनच ये.’ दोघांनी मान डोलावली आणि दोघांनी सांगितलेलं तंतोतंत केलं. पत्राबद्दल मी कोणालाच काही बोलले नाही. ते माझ्या डोक्यातच नव्हतं. मी तेव्हा डिमरची, म्हणजे लाईट कमी-जास्त करायच्या यंत्राची, वायर कुठून न्यायची हे बघत होते.

प्रयोगात सायकलवाला उजवीकडे गेला, पत्र हातात घेऊन. आजी डावीकडे दारामागे अंधारात एकटी. कडवं संपलं. ती आली नाही. मुलांनी कडवं पुन्हा म्हटलं, जे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तरी आली नाही. मी उजव्या विंगेतून दबक्या आवाजात तिचं नाव घेतलं, मग जरा मोठ्याने. समोरची मुलं चुळबुळ करू लागली. शेवटी पोस्टमनच्या मुलीचं काम करणारी उठली, दाराजवळ गेली, दार वाजवलं आणि म्हणाली, ‘आजी, झोपलात का? दार उघडा ना.’ दार उघडलं. आजी रिकाम्या हातांनी बाहेर आली, वाक्य म्हणाली, पण आवाज इतका बारीक की दुसऱ्या रांगेपलीकडे गेला नसेल. पुढची दहा मिनिटं ती माझ्याकडे बघून बोलत राहिली.

प्रयोगानंतर मी तिला रागावले नाही, पण जे केलं ते रागावण्यापेक्षा बरं नव्हतं. मी तिला जवळ घेऊन म्हटलं, ‘अगं, घाबरायचं नसतं.’ ती काही बोलली नाही. तिची आई बरोबर होती. त्या म्हणाल्या, ‘ताई, ती घरी पाहुण्यांसमोरही बोलते हो, घाबरणारी नाही.’ मला वाटलं, आईला असं वाटणारच. माझं निदान पक्कं झालं होतं: प्रवासाचा शीण, नवीन जागा, अंधार, भीती. मी सहायकाला म्हणालेही, की उद्या आजीचं काम दुसऱ्या मुलीकडून करून घेऊ.

रात्री मुक्कामी जेवताना सायकलवाला माझ्याजवळ आला. ‘ताई, पत्र माझ्याकडंच राहिलं होतं.’ खिशातून काढून दाखवलं. मग मी आजीला पुन्हा विचारलं. ती लगेच म्हणाली, ‘तुम्हीच सांगितलं होतं ना, पत्राशिवाय यायचं नाही.’

सांगितलं होतं. तालमीत दोनदा ती पत्र विसरून आली होती, तेव्हा मी बजावलं होतं की हातात पत्र नसेल तर दारातून पाऊल टाकायचं नाही. ती अंधारात पत्राची वाट बघत उभी होती. तिच्या बाजूने सगळं बरोबर होतं. ज्या मुलीने सूचना सर्वांत नीट पाळली, तिलाच मी भित्री ठरवलं होतं आणि काम काढून घ्यायला निघाले होते. मी तिची माफी मागितली, सगळ्यांसमोर.

इथे मला दोन गोष्टी वेगळ्या कराव्याशा वाटतात. एक, पत्र पलीकडे पोहोचायची सोय नव्हती. ही बॅकस्टेजची चूक, दोन मिनिटांत सुधारता येण्यासारखी: दोन्ही विंगांत एकेक पत्र ठेवायचं. दुसरी चूक खोल होती. मुलांच्या डोक्यातलं नाटक त्या वर्गखोलीला बांधलेलं होतं, आणि ते मी बांधलं होतं. मुलांना ‘खिडकीकडून जायचं’ हे माहीत होतं. ‘आजीला पत्र द्यायला जायचं’ हे माहीत नव्हतं. सायकलवाल्याला ते माहीत असतं, तर मी उजवीकडून जायला सांगितल्याबरोबर त्यानेच विचारलं असतं, ‘मग पत्र कसं देऊ?’ ज्या मुलीने दार वाजवून प्रयोग वाचवला, ती चमूत उशिरा आलेली, अर्ध्या तालमी बुडवलेली. तिला खिडकी-फळ्याची भाषा नीट येत नव्हती. तिला फक्त गोष्ट माहीत होती.

पुण्यात याचं एक वेगळं उत्तर फार आधी दिलं गेलं आहे. बर्लिनच्या ग्रिप्स या बालनाट्य संस्थेची पद्धत डॉ. मोहन आगाशे यांनी थिएटर ॲकॅडमीतर्फे 1986मध्ये पुण्यात आणली. तिच्यात मुलांच्या भूमिका मोठे नट करतात, आणि विषय पऱ्या-राक्षसांचे नसून मुलांच्या रोजच्या जगण्यातले असतात. अशा नाटकाचा दौरा सरावलेले नट करतात. बंद विंग दिसली की ते स्वतःच तोड काढतात. मुलांनी मुलांसाठी करायचं नाटक हा निराळा मार्ग आहे, आणि मला तोच जवळचा आहे, कारण समोरची मुलं रंगमंचावर आपल्याच उंचीचं कोणीतरी बघून ज्या तऱ्हेने पुढे सरकून बसतात ते मी पाहिलंय. पण या मार्गाने जायचं तर दौऱ्याचा भार मुलांवर किती पडतो, हे मोजलंच पाहिजे.

त्या रात्री मी मोजलं. बालकामगार कायद्यात 2016मध्ये दुरुस्ती झाली, आणि 2017च्या नियमांत बालकलाकारांसाठी मापं घालून दिली गेली: दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती. हे नियम चित्रीकरण आणि व्यावसायिक कार्यक्रमांसाठी आहेत. आमचे प्रयोग विनातिकीट होते. तरी माप म्हणून ते मी स्वतःला लावले. त्या दिवशी मुलं सकाळी साडेदहाला सभागृहात आली आणि संध्याकाळी सातला बाहेर पडली. सामान उतरवणं, तालीम, रंगभूषा, प्रयोग, आणि मध्ये तासभर जेवण. मी त्याला काम म्हणत नव्हते, पण मुलांचं शरीर म्हणत होतं.

आणि जबाबदार माणसं? कागदावर आम्ही पाच मोठे होतो. चौदा मुलांना पुरून उरतील इतके. पण प्रयोगाच्या वेळी एक लाईटवर, एक संगीतावर आणि मी विंगेत प्रॉम्प्टिंगला, म्हणजे विसरलेली वाक्यं सुचवायला. मुलांसाठी मोकळ्या उरल्या दोन आया, त्याही उजव्या विंगेत, कारण डावीकडे माणूस मावत नव्हता. दारामागे उभ्या असलेल्या मुलीजवळ कोणीही नव्हतं. नियमातलं ‘पाचांमागे एक’ हे हात रिकामे असलेल्या माणसाबद्दल आहे, हे मला त्या रात्री समजलं. दुसऱ्या दिवशी पुण्याहून आणखी एका मुलाचे बाबा एस.टी.ने आले. त्यांना एकच काम दिलं: प्रयोग चालू असताना ज्या बाजूला मी नसेन त्या बाजूला बसायचं. सूचना द्यायच्या नाहीत, पाणी द्यायचं.

तिसरा प्रयोग एका देवळाच्या सभामंडपात होता. तीन बाजूंनी उघडा, विंगा नाहीत, पडदा नाही. आदल्या दिवशीच्या अनुभवानंतर ही जागा बघून माझ्या पोटात गोळा आला. सकाळी सामान उतरवायला मुलांना घेतलंच नाही. ती दहाऐवजी दुपारी तीनला आली. आणि आल्यावर संवादांची तालीम घेतली नाही. आधी वीस मिनिटं नुसतं फिरायला सांगितलं. प्रत्येक खांबाला हात लावा, पाणी कुठे आहे बघा, मोरी कुठे आहे बघा, चपला कुठे काढायच्या ते ठरवा. मग गोल बसून एकेकाला दोनच प्रश्न विचारले. तू कोणाकडे जातोस? जाताना तुझ्या हातात काय असतं? खिडकी, फळा, पंखा हे शब्द बंद. सायकलवाला म्हणाला, ‘आजीकडे. पत्र.’ आजी म्हणाली, ‘मी कुणाकडं जात नाही, सगळे माझ्याकडं येतात.’ तिच्या भूमिकेबद्दल मी दोन महिन्यांत जे सांगू शकले नव्हते ते तिने एका वाक्यात सांगितलं.

त्यानंतर फक्त येण्या-जाण्याची तालीम. संवाद नाहीत, गाणं नाही. जो येतो तो कोणाकडे येतो ते मोठ्याने म्हणत यायचं. पंचवीस मिनिटांत पन्नास मिनिटांचं नाटक दोनदा झालं. हे दौऱ्यावरच्या प्रत्येक चमूने करावं असं मला अगदी मनापासून वाटतं. घाईत आपण संवाद घोटून घेतो, आणि मुलं संवाद सहसा विसरत नाहीत. त्यांना घोळात टाकतात त्या वाटा आणि वस्तू.

विंगा नव्हत्या, म्हणून चौदाही मुलं दोन बाजूंना प्रेक्षकांना दिसतील अशी बसवली. ज्याचं काम असेल त्याने उठून मध्ये जायचं, झालं की परत येऊन बसायचं. कोकणात दशावतार देवळांच्या आवारात होत आला आहे. मोकळ्या मांडवातलं नाटक आपल्याला परकं नाही. पण मी ही बसण्याची रीत परंपरा म्हणून निवडली नव्हती, दुसरा इलाजच नव्हता. झालं असं, की बसलेली मुलं नाटक बघू लागली. तालमीत ती आपापल्या एंट्रीची वाट बघायची. इथे ती आपल्या मित्रांचं नाटक पहिल्यांदा पूर्ण बघत होती, आणि त्यांच्याकडे बघून गावातले लोकही बघत होते. सायकलवाल्याने सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आजीच्या हातात पत्र दिलं. तिने ते लगेच उघडलं नाही. आधी त्याच्याकडे बघितलं, मग पत्राकडे. हे बसवलेलं नव्हतं. दौऱ्यातला तो सर्वांत चांगला प्रयोग.

मग मी पुढे सगळीकडे मुलांना उघडं बसवायचं ठरवलं का? नाही. सगळ्यांत लहान दोघांना लोकांसमोर पन्नास मिनिटं बसून राहणं जड गेलं. एक तर चक्क पेंगला. ज्या मुलांना कामानंतर अंधारात जाऊन श्वास घ्यायचा असतो, त्यांच्यासाठी विंग ही विश्रांतीची जागा असते. ती काढून घेताना विचार करावा लागतो. आम्ही मधला मार्ग काढला: मोठी आठ मुलं उघड्यावर, लहान सहा विंगेत, बाबांजवळ.

काही प्रश्न तसेच राहिले. आजीची जागा घ्यायला दुसरी मुलगी तयार ठेवायची का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. सहायकाचं म्हणणं, मुलं आजारी पडतात, दौऱ्यावर तर हमखास पडतात, मग प्रत्येक मोठ्या भूमिकेला दुसरं मूल हवंच. मला भीती वाटते ती त्या दुसऱ्या मुलाची. रोज रंगायचं, रोज वाट बघायची आणि चारही गावांतून काम न करता परतायचं, हे दहा वर्षांच्या मुलाला मी कसं समजावू? दोघांनी भूमिका वाटून घ्यावी, एक प्रयोग हिचा, एक तिचा, हा पर्याय पुढच्या वर्षी करून बघणार आहोत.

फोनवर विचारायच्या प्रश्नांत आता भर पडली आहे. रंगमंच किती खोल, दोन्ही विंगा किती रुंद, पडद्यामागून वाट आहे का, रंगमंचावर चढायचे रस्ते किती, मोरी किती लांब. शक्य असेल तर तिथल्या माणसाला मोबाईलवर रंगमंचाच्या आतून फोटो काढून पाठवायला सांगते. आतून, म्हणजे मुलं जिथे उभी राहणार तिथून. प्रेक्षागृहातून काढलेल्या फोटोत विंग दिसत नाही.

शेवटचा प्रयोग सांगलीला, 5 नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी होता. गाडीत मी मुलांना सांगितलं, की 1843मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते याच गावात. ‘त्यांच्या वेळी लाईट होते का?’ असं एकाने विचारलं, आणि पुढचा अर्धा तास मशाली, दिवट्या आणि तेल यांवर चर्चा झाली.

रंगमंचावर पोहोचल्यावर मी नेहमीसारखी लाईटवाल्याकडे वळले. तेवढ्यात मागे कुजबुज ऐकू आली. आजी आणि सायकलवाला पडद्याच्या कडेला उभे होते. तिने पडदा बाजूला करून आत डोकावलं, मग त्याला म्हणाली, ‘वाट आहे. पण तू तरी एक पत्र माझ्याजवळ आधीच देऊन ठेव.’